जिवंत माणसाचा व्हिडिओ

ती. स्व. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग तूर्त कागदावरच मानून घे. गेला महिनाभर संगणकापुढे वाकून बसल्यामुळे कंबर अशी धरली आहे की खरोखरीचा घातला तर मला उठवावं लागेल, आणि घरात तशा मनःस्थितीत सध्या कुणी नाही.) इकडे देवाच्या दयेने सर्व ठीक आहे. तुझी झोप आता नीट लागते ना? दाजींनी नव्या कवळीशी आणि कवळीने दाजींशी जुळवून घेतलं असेल अशी आशा करतो. मागे फोनवर ते मला बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होते आणि मी आपला ‘हो, हो’ म्हणत गेलो. त्यात मी कशाला कबूल झालो असेन तर तेवढं कळव.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणतेस. पत्रात तसं म्हणता येत नाही. शिवाय झालेला प्रकार असा आहे की तो सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय माझी बाजू तुला पटणार नाही, आणि ती पटणं का गरजेचं आहे ते पुढे येईलच. तेव्हा चष्मा लाव आणि निवांत बस. शेवट चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच छातीत धडधडायला नको. आमच्याकडे या महिन्यात ते पुष्कळ झालं.

आमच्या प्राचार्यबाई दुसऱ्या एका कॉलेजच्या समारंभाला गेल्या होत्या. तिथे कर्मचाऱ्यांना पुरस्कार देण्याआधी दिवे मालवून पडद्यावर त्या माणसाचा व्हिडिओ दाखवत, मग नाव पुकारत, मग टाळ्या. बाई परत आल्या त्या भारावूनच. आमच्याकडे आजवर पुरस्कार म्हणजे काय, तर वर्षअखेरच्या सभेत नाव वाचायचं, त्या माणसाने खुर्चीतून अर्धवट उठायचं, आणि लगेच चहा. यंदा तसं चालणार नाही, असं बाईंनी ठरवलं आणि मला बोलावलं. तुला माहीतच आहे, कॉलेजची दृक्श्राव्य खोली माझ्याकडे आहे. म्हणजे एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर, चार माइक आणि दोन स्पीकर, त्यांतला एक चालू. बाईंनी विचारलं, “तुम्ही व्हिडिओ करता ना?” मी म्हटलं, करतो. यात खोटं काही नव्हतं. कसले करता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ताई, मी दोनच तऱ्हेचे व्हिडिओ केले आहेत. एक खेळाच्या स्पर्धांचे, ज्यात धावणारी मुलं माझ्या कॅमेऱ्याच्या आधीच पुढे निघून जातात आणि मागे नुसतं मैदान उरतं. आणि दुसरे शोकसभेचे. कुणी जुने प्राध्यापक गेले की त्यांचा फोटो, त्यांची आठवण सांगणारी चार माणसं आणि मागे बासरी. त्या कामात मात्र माझा हात बसलेला आहे. इतका की एक निवृत्त प्राध्यापक स्वतः होऊन आपला फोटो मला आणून देऊन गेले, आणि “हा वापरा, तो जुना नको,” असं बजावून गेले. (अजून ठणठणीत आहेत. मधूनमधून येऊन फोटो जागेवर आहे ना, बघून जातात.)

बाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, की कुणाला पुरस्कार मिळणार हे त्या, उपप्राचार्य आणि मी, एवढ्या तिघांतच राहायला हवं. ज्याचा व्हिडिओ त्याला तर अजिबात कळता कामा नये. मी शब्द दिला. आपल्या गावच्या शाळेत मास्तरांनी माझ्या डोक्यात दोन गोष्टी बसवायचा प्रयत्न केला होता, गणित आणि दिलेला शब्द पाळणं. त्यांतली एकच बसली, आणि माणसाला दोन्ही लागतात हे आता कळतंय.

पुरस्कार पाच होते. बागेचे माळीबुवा, खेळाचे शिक्षक, हेडक्लार्क आणि रसायनशास्त्राच्या एक बाई, या चौघांचं फार लिहीत नाही. हेडक्लार्कबद्दल चांगलं बोलायला माणूस मिळेना, तेव्हा शेवटी त्यांच्या बायकोला विचारलं. त्याही म्हणाल्या, दोन दिवस द्या, विचार करून सांगते. पण पाचवं नाव वाचलं आणि मला आतून बरं वाटलं. ते आमच्या ग्रंथपालाचं होतं.

हा माणूस तू पाहिलेला नाहीस, पण त्याच्याबद्दल माझ्या तोंडून ऐकलं आहेस. आम्ही कॉलेजात एकाच वर्षी लागलो आणि तेव्हापासून दुपारचा डबा एकत्र खातो. देवाने त्याला मैदानावर शोभेल असा आवाज दिला आणि नोकरी ग्रंथालयात दिली. दिवसातून किती वेळा तरी तो “शांतता!” म्हणून असा गरजतो की पलीकडच्या इमारतीतला वर्गसुद्धा गप्प होतो. पोरांनी त्याचं नावच ‘शांतता’ ठेवलं आहे. पुस्तक वेळेवर आणलं नाही तर तो प्राचार्यांनाही सोडत नाही. पण एखाद्या पोराला पुस्तक विकत घेणं झेपत नसेल तर स्वतःच्या नावावर काढून देतो, आणि ते उशिरा आलं की स्वतःलाच दंड करतो, आणि मग स्वतःवरच चिडतो. असा माणूस. त्याला आजवर कुणी ‘बरं केलंत’ एवढंही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणून मी मनावर घेतलं, की याचा व्हिडिओ असा करायचा की बघत राहावं.

आता त्याला कळू न देता त्याचं चित्रण कसं करायचं? मग तो जेवायला माझ्या खोलीत येई, तेव्हा मी ‘आलोच’ म्हणून कॅमेरा घेऊन त्याच्या ग्रंथालयात जाई. त्याची रिकामी खुर्ची घेतली. टेबलावर काढून ठेवलेला चष्मा घेतला. खिडकीतून उन्हाची तिरीप येते, तिच्यात धूळ तरंगते, ती घेतली. खुंटीवर एकटी छत्री होती, तीही घेतली. फार सुंदर आलं होतं सगळं. मागे बासरी घातली, कारण माझ्याकडे बासरीच आहे. फोटो हळूहळू अंधारातून उजळत येतो आणि हळूहळू पांढऱ्यात विरत जातो, हे तर मला डोळे मिटूनही करता येतं. हे सगळं एकत्र केल्यावर कसं दिसेल, हे तुझ्यासारखी बाई वाचताक्षणी ओळखेल. मी मात्र त्यात इतका बुडालो होतो की मला काही दिसेना.

मग सहकाऱ्यांच्या आठवणी घेतल्या, कशासाठी ते न सांगता आणि कुणाला बोलणार नाही असा शब्द घेऊन. इथे एक गोष्ट कळली, तिच्यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या माणसांना जिवंत माणसाबद्दल चांगलं बोलायची सवयच नाही. जिवंत माणसाची स्तुती केली की ऐकणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी काम अडलं असणार. गेलेल्या माणसाकडे कुणाचं काम अडत नाही, म्हणून तिथे मोकळेपणाने बोलता येतं. त्यामुळे कॅमेरा सुरू झाला की जो तो आपोआप त्याच सुरात जाई. इतिहासाच्या सरांचं आणि ग्रंथपालाचं एका हरवलेल्या नकाशांच्या पुस्तकावरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं. पण तेही कॅमेऱ्यापुढे बसले आणि “असा माणूस होता...” म्हणून सुरू झाले. मी “आहे” म्हटलं. ते “हो, आहे” म्हणाले, आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा “त्यांचा स्वभाव फार निर्मळ होता.” शेवटी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. उपाहारगृहाच्या मावशी तेवढ्या ताळ्यावर होत्या. त्या म्हणाल्या, “चांगला आहे कसला? रोज चहात साखर कमी म्हणून भांडतो.” ते मी काढून टाकलं. (हे लक्षात ठेव. माझी अक्कल कुठे गेली होती ते यावरून कळेल.)

राहिला फोटो. तो मागायला मी ग्रंथपालाच्या घरी गेलो, तो नसताना. वहिनींना म्हटलं, कॉलेजचं एक काम आहे, काय ते विचारू नका, पण यांचा समोरून काढलेला, एकट्याचा, चांगला फोटो द्या, आणि मी आलो होतो हे यांना सांगू नका. वहिनी आत गेल्या, फोटो आणून दिला, पदराने पुसून दिला. मला वाटलं, किती समजूतदार बाई. मला जे माहीत नव्हतं ते असं, की आदल्याच आठवड्यात ग्रंथपालाच्या छातीत जळजळ होऊन दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करायला लावल्या होत्या. रिपोर्ट यायचे होते. त्याने हे डब्याच्या वेळी मलाही सांगितलं नव्हतं. आता तूच सांग, नवऱ्याचे रिपोर्ट यायचे आहेत आणि नवऱ्याचा जिवलग मित्र चोरून येऊन समोरून काढलेला फोटो मागतो. बाईने काय समजायचं?

त्या दिवसापासून वहिनी नवऱ्याशी भांडेनाशा झाल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको अचानक भांडायची थांबली की कुठलाही नवरा आधी सुखावतो आणि मग घाबरतो. इकडे कॉलेजात आणखीच वेगळं चाललं होतं. ज्यांनी ज्यांनी माझ्या कॅमेऱ्यापुढे त्याच्याबद्दल चांगलं सांगितलं, त्यांना ते सांगता सांगता स्वतःलाच पटलं होतं. इतिहासाचे सर ग्रंथालयात जाऊन काही न बोलता त्याचा हात हातात धरून उभे राहिले. हेडक्लार्कने त्याचा अडकलेला कपाटांचा कागद न मागता मंजूर केला. (त्यांच्या नोकरीत असं प्रथमच घडलं. मी त्यांनाही त्याच्याबद्दल बोलायला लावलं होतं ना.) मावशींनी चहात न सांगता साखर जास्त घातली. कुणी काही बोलत नव्हतं, सगळ्यांनी मला गुप्ततेचा शब्द दिलेला होता. ग्रंथपाल सगळ्यांकडे बघत होता आणि मनात बेरीज करत होता.

एक दिवस दुपारी तो डबा न घेताच माझ्या खोलीत आला. दार लोटलं आणि बसला. म्हणाला, “तू खोटं बोलत नाहीस. सगळ्यांना काय माहीत आहे जे मला माहीत नाही?”

ताई, मी म्हटलं, “काही नाही.” तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी ‘काही नाही’ कसा म्हणत असेन ते डोळ्यांपुढे आण. त्याने मान हलवली, जसं काही मी सगळं सांगून टाकलं. मग शांतपणे म्हणाला, “बरं. तपासण्या केल्यात हे तुला कळलंय म्हणजे. डॉक्टरांनी तुम्हालाच आधी सांगितलं असणार.” तपासण्यांबद्दल मला कळलं ते या क्षणी. मी तोंड उघडलं, तर समोर प्राचार्यबाईंना दिलेला शब्द उभा. मी तोंड मिटलं. मग तो मुलीबद्दल बोलायला लागला. त्याची एकुलती एक मुलगी जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरी करते, हुशार आहे, पण बाप आहे तोवर ठीक, पुढे काय, वगैरे. मी त्याला माझ्या परीने धीर दिला. उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आवराआवर काढली. कोणतं पुस्तक कुठे, कोणत्या कपाटाला वाळवी लागते, कोणती किल्ली जरा उचलून फिरवावी लागते, हे मदतनीस बाईंना समजावून सांगायला लागला. बाई बिचाऱ्या वहीत उतरवून घेत आणि मध्येच स्वच्छतागृहात जाऊन रडून येत. सगळ्यांचे दंड त्याने माफ केले. आणि वाचनकक्षात पोरं चक्क गप्पा मारत होती तरी तो काही बोलेना. नुसता बघून हसला. त्या हसण्याने पोरं अशी घाबरली की आपणहून गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी आलीच नाहीत.

मी प्राचार्यबाईंकडे गेलो आणि म्हटलं, मला शब्दातून मोकळं करा. त्या म्हणाल्या, “अहो, चार दिवसांवर आलंय. आता कुठे फोडता?” मी कारण सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना, त्यांना वाटलं मी काम पुरं झालं नाही म्हणून सबबी सांगतोय. मी घरी आलो आणि देवापुढे बसलो. मला मोठं काही मागता येत नाही, तुला ठाऊक आहे. एवढंच विचारलं, की दिलेला शब्द मोठा की मित्राचा जीव?  पण मनात असं आलं, की हा प्रश्न मला पडावा हीच लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. उठलो, आणि सकाळी सगळ्यांत आधी ग्रंथालय गाठलं. दाराला कुलूप. मदतनीस बाई पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, साहेब वहिनींना घेऊन दवाखान्यात गेलेत, रिपोर्ट आज सांगणार आहेत.

मी रिक्षा केली. वाटेत जपाची माळ खिशात चाचपत होतो ती नेमकी रिक्षातच राहिली. (रिक्षावाल्याने संध्याकाळी आणून दिली. सगळीच माणसं वाईट नसतात.) दवाखान्यात पोचलो तर दोघं बाकावर बसलेली, एकमेकांकडे न बघता. त्याने कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो, धाप लागलेली, आणि कसंबसं म्हटलं, “तुला पुरस्कार मिळाला आहे.”

तो शांतपणे म्हणाला, “मरणोत्तर?”

मी म्हटलं, “अरे नाही रे बाबा. उत्कृष्ट कर्मचारी. येत्या शनिवारी आहे. म्हणून सगळे तसे वागतायत. म्हणून फोटो नेला.” वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांची समजूत घालायला खोटं बोलतोय. ग्रंथपालही म्हणाला, “राहू दे. तुझ्या तोंडी शोभत नाही.” तेव्हा मला वाटलं, पुरावाच दाखवावा. फोन काढला आणि त्याच्या हातात देऊन व्हिडिओ लावला.

बासरी सुरू झाली. अंधारातून त्याचा फोटो उजळत आला. मग रिकामी खुर्ची. मग चष्मा. मग उन्हात तरंगणारी धूळ. मग छत्री. मग इतिहासाचे सर “असा माणूस होता” म्हणत डोळे पुसताना. वहिनींनी तोंडाला पदर लावला. शेजारी अंगठ्याला पट्टी बांधलेली एक बाई बसली होती, तीही वाकून बघत होती. तिने हळहळून विचारलं, “कधी गेले हो?”

ग्रंथपाल म्हणाला, “नंबर यायचाय अजून.”

आणि तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. तिघं आत गेलो, कारण वहिनींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले आणि म्हणाल्या, “काही नाही, आम्लपित्त आहे. चहा कमी करा, वेळेवर जेवा, रोज चाला.” याने विचारलं, रिपोर्ट माझेच आहेत ना? त्यांनी नाव वाचून दाखवलं. याने पुन्हा विचारलं, नक्की? त्यांनी वयही वाचून दाखवलं. तरी हा हटेना. म्हणाला, “मग सगळे माझ्याशी इतके चांगले का वागतायत?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ते माझ्या शास्त्रात बसत नाही.”

बाहेर आलो. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. त्या आवाजात हसला, म्हणजे रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.  वहिनी एकदम म्हणाल्या, “बसलाय काय हसत? माळ्यावरची खोकी सहा महिने झाले उतरवायला सांगतेय.” एवढं गोड बोलणं मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण तो निमूटपणे उठला. मात्र घरी न जाता आधी ग्रंथालयात गेला, आणि थोड्याच वेळात पलीकडच्या इमारतीतला वर्ग गप्प झाल्याचं मला माझ्या खोलीतून कळलं. माफ केलेले दंडही त्याने परत लावले म्हणतात.

मी प्राचार्यबाईंना जाऊन सांगितलं, की शब्द मोडला.  त्या म्हणाल्या, निदान त्यांना समारंभात आश्चर्य वाटल्याचं दाखवायला सांगा. आणि माझा व्हिडिओ त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पाहून झाल्यावर फक्त एवढंच विचारलं, “बाकीचे चारही असेच आहेत?” होते. माळीबुवांच्या व्हिडिओत सुकलेलं पान होतं. खेळाचे शिक्षक, तिशीतला वजनं उचलणारा माणूस, पण बासरीमुळे अकाली गेल्यासारखे वाटत होते. उरलेल्या दिवसांत मी पाचही व्हिडिओ नव्याने केले. बासरी काढली. मावशींची साखरेची तक्रार संपूर्ण घेतली. इतिहासाच्या सरांना म्हटलं, आता ‘आहे’ म्हणूनच बोला. ते ‘आहे’ म्हणून बोलायला लागल्याबरोबर त्यांना नकाशांचं पुस्तक आठवलं आणि भांडण जसंच्या तसं परत सुरू झालं. तेही घेतलं. आणि खुर्चीत खुद्द ग्रंथपालाला बसवून त्याच्याकडून दोघा मुलांना दरडावून घेतलं.

शनिवारी सभागृह भरलं होतं. याचा व्हिडिओ लागला तेव्हा मागच्या रांगेपर्यंत लोक हसत होते, आणि हसता हसता टाळ्या वाजवत होते. नाव पुकारलं तेव्हा याने आश्चर्याचा चेहरा केला. घरी आरशापुढे सराव केला होता म्हणे. तो चेहरा असा झाला की खेळाचे शिक्षक पाण्याची बाटली घेऊन धावले. माइकपुढे आल्यावर तो एवढंच बोलला: “गेले काही दिवस तुम्ही माझ्याशी जसे वागलात तसे पुन्हा वागू नका. पुस्तकं मात्र वेळेवर आणा.” आणि खाली उतरला. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. रडत होत्या, आणि त्याच वेळी त्याला खुणेने सांगत होत्या की सदऱ्याचं बटण उघडं आहे.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे बसलो तर मागायला काही सुचेना. नुसता बसून राहिलो. बरं वाटलं. माणूस आहे, उद्या डब्याला येणार आहे, लोणच्यावरून वाद घालणार आहे, याहून जास्त काय मागायचं असतं?

दाजींना नमस्कार सांग. स्वतःला जप. ही तुला नमस्कार सांगते आहे (माझ्याशी बोलत नसली तरी तुला सांगते आहे, कारण खाली आहे).

तुझा,
धाकटा

ता. क. मुलीबद्दल मी ग्रंथपालाला धीर दिला असं वर लिहिलं आहे. तो नेमका कसा दिला हे लिहायचं राहिलं. तो म्हणाला, “माझ्यामागे हिचं कसं होईल?” सगळे चांगले वागतायत ते पुरस्कारामुळे, हे माझ्या जिभेवर होतं आणि ते सांगता येत नव्हतं. मला त्याच्याकडे बघवेना, आणि मी म्हणून गेलो, “काळजी करू नकोस. माझ्या ताईचा थोरला आहे ना. मी शब्द देतो.” दिला.

ता. क. २. मला वाटलं होतं, भीतीत घेतलेला शब्द भीती गेल्यावर विरून जाईल. तसं झालं नाही. दवाखान्यातून आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी डब्याचं झाकण उघडायच्या आधी त्याने विचारलं, “थोरला काय करतो म्हणालास?” मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द म्हणून अंग काढून घ्यावं, तर आपण मरतोय असं त्याला कशामुळे वाटतंय हे एकट्या मलाच माहीत होतं. त्यामुळे ती पळवाट बाकी कुणालाही चालेल, मला नाही. तुझी भावजय अबोला धरण्याआधी म्हणाली, स्वतःच्या घरातलं द्यायला काही नव्हतं म्हणून बहिणीचा मुलगा देऊन आलात. 

ता. क. ३. मुलगी खरंच चांगली आहे. तिला कळलं तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, मला आधी विचारायला हवं होतं.” मी कान पकडले. मग म्हणाली, “भेटायला माझी हरकत नाही. पण त्यांना विचारलंय का?” मी म्हटलं, विचारतो. म्हणून हे पत्र. थोरला लग्नाचं नाव काढलं की घराबाहेर निघून जातो हे मला ठाऊक आहे, पण ही मुलगी दिवसभर बांधावर उभी राहून भांडणाऱ्या माणसांत जमीन मोजते, बाहेर गेलेल्या माणसाशी बोलायची तिला सवय आहे.

ता. क. ४. आम्ही चौघं, म्हणजे ग्रंथपाल, वहिनी, मुलगी आणि मी, या रविवारी सकाळी निघून येतो आहोत. हे पत्र तुला शनिवारी मिळावं अशा बेताने टाकलं आहे, म्हणजे फोनवरून नको म्हणायलाही उशीर झालेला असेल. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी देवाशपथ म्हणू शकत नाही. थोरल्याला मात्र सगळं आधी सांग, त्याच्यापासून काही लपवू नकोस. आणि हो म्हणायचं असो की नाही, जे असेल ते ग्रंथपालाच्या तोंडावर स्पष्ट सांग. एवढंच कर ताई, त्याच्याशी फार गोड बोलू नकोस. तू गोड बोललीस की तो पुन्हा तपासण्या करून घेईल.